मासेमारी बंदीनंतर आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन) सुरूच होत नाही, चोक किती ओढायचा?

प्रश्न: तेरेखोल खाडीत आमची छोटी फायबरची होडी आहे, त्यावर १५ एचपीचं जुनं टू स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड, कार्बोरेटरवालं. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत वर काढून ठेवलं होतं. आता सकाळी पहिल्यांदा सुरू करताना दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते, मग पेट्रोलचा वास सुटतो आणि नंतर तर काहीच नाही. चोक पूर्ण ओढूनच ठेवायचा ना?
– एक वाचक, केरी (पेडणे)

उत्तर: नाही हो, गडबड तिथेच होतेय. चोक कार्बोरेटरची हवा अडवतो म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं, आणि गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून सुरुवातीला ते लागतंच. पण आपल्याकडे ऑगस्टातही थंडी कुठे असते, त्यामुळे इंजिन एकदा खोकलं की चोक अर्धा आत ढकला आणि चालू झालं की हळूहळू पूर्ण आत. तसाच ठेवून ओढत राहिलात तर ठिणगी देणारा प्लग पेट्रोलने भिजतो, तो वास त्याचाच. भिजलाच तर चोक आत, थ्रॉटल (वेग कमीजास्त करायचा) उघडा, पेट्रोलच्या पाइपवरचा रबरी बल्ब दाबू नका आणि काही वेळा ओढा, सुरू झालं की थ्रॉटल लगेच खाली. तरीही नाही झालं तर प्लग काढून वाळवा, पण सांडलेल्या पेट्रोलजवळ ठिणगी तपासत बसू नका प्लीज.

दोरीला हात लावायच्या आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करा, मग तोच रबरी बल्ब बाण वरच्या बाजूला धरून कडक होईपर्यंत दाबा. कडक होतच नसेल तर कुठेतरी जोडणीतून हवा घुसतेय किंवा बल्बची झडप गेलीय, तेव्हा दोरी ओढण्यात काही अर्थ नाही. गिअर न्यूट्रल, किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप जागेवर, हे तर बघायचंच.

मला मात्र खरा संशय मे महिन्यातल्या पेट्रोलचा आहे. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, म्हणजे इंजिनाला पहिल्यांदा तेच जातं. शिवाय कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि चिकट थर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, अडकतो. म्हणून जुनं पेट्रोल सरळ काढा, वाटीखालचा स्क्रू उघडून तीही रिकामी करा आणि ताजं भरा, त्यात मिसळायचं ऑइल इंजिनाच्या पुस्तकात दिलंय तेवढंच, ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली. जेट साफ करायला तार घालू नका, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं, कार्ब क्लीनर आणि हवेचा फवारा पुरतो.

आणि हे सगळं अंगणात करणार असाल तर पाण्याच्या पिंपात इंजिनाचा पाय बुडवूनच करा, कोरडं चालवलं तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा बघता बघता जळतो. सुरू झालं की बाजूने पाण्याची धार येतेय का ते लगेच बघा, नसेल तर तिथेच बंद.