पुशरॉडवाली बुलेट घाटात जास्त ओढते का?

प्रश्न (एक वाचक, वाई): दादा, मामांची २०१२ ची क्लासिक ३५० आहे, पुशरॉडवाली. मला नवीन क्लासिक घ्यायचीय पण आमचा मेकॅनिक म्हणतो ती ओव्हरहेड कॅमची, नुसती पळेल, टॉर्क नाही, पसरणी घाटात डबलसीट दम तोडेल. खरंय का?

उत्तर: नाही, आणि हे इतक्या गॅरेजमध्ये ऐकलंय की एकदा नीट सांगायचंच होतं. पुशरॉडवाल्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅम खाली असतो आणि त्याचा धक्का लांब रॉड वर नेतो; ओव्हरहेड कॅममध्ये तोच कॅम वर, सिलिंडरच्या हेडमध्ये असतो. टॉर्क म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर, तो एनएममध्ये मोजतात, आणि आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे. आधी आकडे बघा. मामांची ३४६ सीसी, २८ एनएम ४००० आरपीएमला, पॉवर १९.८ बीएचपी ५२५० ला. नवीन ३४९ सीसी, २७ एनएम तेही ४००० लाच, आणि २०.२ बीएचपी ६१०० ला. एका एनएमचा फरक घाटात कुणाला कळणारपण नाही.

टॉर्क येतो सिलिंडरमध्ये एका दमात किती हवा-पेट्रोल भरतं त्यावरून, आणि तो खाली मिळणार की वर हे कॅमच्या उंचवट्याचा आकार ठरवतो, म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडतो नि किती वेळ उघडा राहतो. कॅम खाली बसवलाय की हेडमध्ये याच्याशी त्याचा संबंध नाही. होंडाची हायनेस बघा ना, ओव्हरहेड कॅमच आहे आणि ३० एनएम चक्क ३००० लाच देते.

मग कॅमच्या जागेने फरक कुठे पडतो? वरच्या आरपीएमला. जुनी कास्ट आयर्न बुलेट ज्यांनी उघडलीय त्यांना माहितीय, इंजिन थंड असताना पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा, मोकळा फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये. तो एवढा लांब रॉड, खाली टॅपेट (कॅमवर टेकणारा तुकडा), वर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा), हे सगळं व्हॉल्व्हच्या प्रत्येक उघडझापीला वर-खाली होतं, आणि आरपीएम फार चढले की व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंगला ते वजन आवरत नाही, व्हॉल्व्ह वेळेवर बंदच होत नाही. कॅम वर नेला की रॉडच गेला, इंजिन बिनधास्त फिरतं. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, त्यामुळे केटीएमची २०१७ ची ३९० ड्यूक, हेडमध्ये दोन कॅमची, टॉर्क ३७ एनएमच पण ९००० ला ४३ बीएचपीच्या आसपास देते.

तेव्हा क्लासिक बिनधास्त घ्या. टेस्ट राइड मात्र घाटातच मागा, मागे कुणालातरी बसवून, आणि चढाला गाडी धडधडायला लागली की थ्रॉटल पिळत बसू नका, एक गियर खाली टाका. मामांच्या गाडीलाही तेच करावं लागतं, विचारून बघा त्यांना.