मुलाचा पाय सारखा मुरगळतो, फुटबॉल बंद करू का?

नका करू, ताई. तुम्ही लिहिलंय की मुलगा अकरा वर्षांचा आहे, शाळेच्या टीममध्ये खेळतो, वर्षभरात उजवा घोटा दोनदा मुरगळला. आजी म्हणतात खेळ बंद, आणि शेजारचे म्हणतात या वयात व्यायाम दिला तर उंची खुंटेल. मी नागपुरात पी.टी. शिकवतो, संध्याकाळी रेशीमबागेकडे पोट्टे खेळवतो. डॉक्टर नाही, त्यामुळे सांगतोय ते मैदानावरचं.

आधी घरीच एक करून बघा. जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवरून त्याला अनवाणी, दोन्ही पायांवर उडी मारायला सांगा. तुम्ही समोर उभ्या राहा. दोन गोष्टी बघायच्या. एक, टेकताना गुडघे आत, एकमेकांकडे वळतात का. दोन, आवाज. धप्पकन आवाज आला आणि पाय काठीसारखे ताठ राहिले, तर सगळा भार सांध्यांवर जातोय. गुडघे वाकवून, ते पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून, आवाज न करता उतरणारी मुलं दहात दोन-तीन निघाली तरी मला आनंद होतो. बाकीच्यांना कोणी शिकवलेलंच नसतं. पळायला सगळे सांगतात. थांबायचं, वळायचं आणि पडायचं कसं, हे कोणी सांगत नाही, आणि फुटबॉलमध्ये पाय बऱ्याचदा अशाच क्षणी मुरगळतो.

शाळांमध्ये वॉर्मअप म्हणजे काय? रांगेत उभं करायचं, एक-दोन-तीन-चार म्हणत पायाचे अंगठे धरायला लावायचं. दिसायला छान, पालकांनाही बरं वाटतं. पण 2014 मध्ये संशोधकांनी 25 चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले, त्यात सव्वीस हजारांहून अधिक खेळाडू होते. नुसत्या ताणण्याने दुखापती कमी झाल्याचं दिसलं नाही. ताकद आणि तोल यांच्या व्यायामाने मात्र चांगल्याच कमी झाल्या. मुलांसाठी यावर फिफाने एक ठरावीक वॉर्मअप तयार केला आहे, ‘इलेव्हन प्लस किड्स’ नावाचा, 7 ते 13 वयासाठी. एकूण सात व्यायाम, पंधरा-वीस मिनिटं. युरोपातल्या चार देशांत सुमारे 3,900 मुलांवर तो तपासला गेला आणि 2018 मध्ये निकाल आला : तो करणाऱ्या संघांत दुखापती जवळपास निम्म्या, आणि गंभीर दुखापती तर सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी. सामान काही लागत नाही. एक बॉल आणि रोज तेच तेच करवून घ्यायची चिकाटी असलेला एक मोठा माणूस, बस.

तुमच्या मुलाला त्यातलं सर्वांत जास्त लागणार ते एका पायावरचं काम. मी असं घेतो : दोघं समोरासमोर, तीनेक पावलांवर, दोघंही एका पायावर. गुडघा किंचित वाकलेला. बॉल हाताने एकमेकांकडे फेकायचा, आणि मुद्दाम थोडा बाजूला फेकायचा, म्हणजे झेलताना तोल जातो आणि सावरावा लागतो. ते सावरणं हाच व्यायाम. अर्धा मिनिट, मग पाय बदल. जमायला लागलं की बॉल पायाने द्यायचा. घरी तुम्ही किंवा त्याचे बाबाही हे करू शकता. मोठ्यांचा तोल आधी जातो, पोट्टे जाम खूश होतात.

दुसरं म्हणजे लंगडी, पण थोडी बदलून. नेहमीच्या लंगडीत मूल नुसतं पुढे पुढे सुटतं. तुम्ही शिटी वाजली की त्याच पायावर गोठायला सांगा, मनात तीन मोजेपर्यंत, आणि मग बाजूला, मागे अशा उड्या घ्या. उजवा घोटा आधी दुखावलाय ना, तर उजव्या पायावर डाव्याइतकंच स्थिर थांबता येतं का ते बघा. घोटा पुन्हा मुरगळायचं सर्वांत मोठं कारण म्हणजे आधी मुरगळून तो पुरता न सावरलेला असणं. सूज गेली की पोरगं लगेच मॅचला पळतं, तिथेच गडबड होते.

पडायचं शिकवणं आपल्याकडे अगदीच राहून जातं. मुरमाच्या मैदानावर पडताना पोरं हात सरळ पुढे टेकवतात आणि मनगट किंवा कोपर मोडून घेतात. गादीवर किंवा आखाड्याच्या मातीत, खांद्यावरून तिरकी कोलांटी घ्यायला शिकवा. डोक्यावरून नाही, खांद्यावरून. आधी उकिडवं बसून, मग उभ्याने, मग हळू चालताना. मात्र हे शिकवायला माहीतगार माणूसच लावा.

आठवड्यातून किमान दोनदा हे सगळं व्हायला हवं, खेळाच्या आधीच. हप्ताभर जोरात आणि मग विसरलं, तर उपयोग नाही.

उंचीचं एका ओळीत : देखरेखीखाली, स्वतःच्याच वजनाचे बैठका-जोर-उड्या करून उंची खुंटत नाही. जिमची भारी वजनं एकट्याने उचलू देऊ नका, एवढंच पाळा.

आता आपल्या नागपूरची खरी कटकट, समर कॅम्प. वर्षभर सोफ्यावर असलेलं पोरगं एप्रिलमध्ये एकदम सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. आठवड्याचे सहा दिवस धरले तर चोवीस तास! लहान खेळाडूंसाठी एक ढोबळ हिशेब वापरतात : वय जितकी वर्षं, आठवड्यात शिस्तीतला खेळ तितक्याच तासांच्या आत. म्हणजे तुमच्या मुलाला अकरा. वर पारा 44-45 वर, संध्याकाळी सहालाही जमीन तापलेली, आणि थकलेला पाय चुकीचाच पडतो. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळाही जूनच्या शेवटी उघडतात, मग कॅम्पवाल्यांना काहून घाई असते कोण जाणे. पाठवायचंच असेल तर फक्त सकाळचा घ्या, साडेसातच्या आत संपणारा.

आणखी एक. दहा ते चौदाच्या आसपास उंची झपाट्याने वाढते, तेव्हा गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर किंवा टाचेच्या मागे दुखायला लागतं. ते नाटक नसतं. हाडाचा वाढणारा भाग तिथे ओढला जातो. खेळ पूर्ण बंद करायची गरज सहसा पडत नाही, पण उड्या आणि पळणं काही आठवडे कमी करावं लागतं. ‘सहन कर, मर्द हो’ म्हणणाऱ्या कोचपासून लांब ठेवा.

मुरगळल्यावर चोळून देणाऱ्याकडे मात्र नेऊ नका. या वयात लिगामेंटपेक्षा, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यापेक्षा, हाडाच्या टोकाची वाढीची पट्टी कच्ची असते, त्यामुळे मोठ्यांचा पाय जिथे नुसता मुरगळतो तिथे मुलाचं हाड चिरलेलं असू शकतं. लगेच चार पावलंही टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबलं की ओरडला, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. रात्री दुखून जाग येत असेल किंवा लंगडणं आठवड्याहून जास्त टिकलं, तरीही आधी ऑर्थोपेडिक, मग मैदान.