1,200 डॉलरचा अकॉग: चष्मेवाल्याने घ्यावा का?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडतो. 16 इंच बॅरलची एआर-15 रायफल, टेक्सासमधली 100 यार्डांची रेंज, वर्षातून दोन-तीनदा 300 यार्ड, वय 46, कायमचा चष्मा, आणि सध्याच्या रेड डॉटचा (नेमासाठी काचेवर उजेडाचा लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटचा) ठिपका फुटक्या टिकलीसारखा दिसतो. यासाठी चौपट मोठे दाखवणारा ट्रिजिकॉन कंपनीचा अकॉग स्कोप (रायफलवर बसणारी दुर्बीण), मॉडेल टीए31, घ्यावा का? माझं मत: घेऊ नका. स्कोप उत्तमच आहे, पण त्याची जी एक खोड आहे ती नेमकी चष्मेवाल्याला नडते.

खोड आय रिलीफची, म्हणजे पूर्ण चित्र दिसायला डोळा काचेपासून किती अंतरावर हवा त्याची. टीए31 ला डोळा काचेपासून दीड इंचावर, म्हणजे 38 मिलिमीटरवर लागतो, आणि त्यातच चष्म्याची काच बसवायची. जरा मागे सरकलात की चित्राभोवती काळी कडा येते. बेंचवर जमतं, गुडघ्यावर बसून किंवा उभं राहून मारताना गाल दर वेळी त्याच जागी येत नाही. शिवाय अकॉगला डायऑप्टर रिंग नसते, त्यामुळे चष्मा काढून नंबर जुळवायची सोयही नाही. अकॉगच्याच टीए11 या मॉडेलमध्ये 2.4 इंच मिळतात, पण तो आणखी मोठा नि जड.

ठिपक्याचं दुखणं बहुधा अ‍ॅस्टिग्मॅटिझमचं, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईचं आहे. खात्री फुकटात होते: रायफल रिकामी आहे हे तपासा, मग रेड डॉटमधून मोबाइलने फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर दोष डोळ्यात, स्कोपात नाही. अशा डोळ्यांना काचेवर कोरलेलं रेटिकल (नेम धरायची खूण) मानवतं, कारण ते प्रकाशाच्या प्रतिबिंबावर अवलंबून नसतं. अकॉगमध्ये ते आहेच, पण 300 डॉलरच्या आसपासच्या साध्या प्रिझम स्कोपमध्येही (अकॉगसारख्याच, आत प्रिझम असलेल्या आखूड स्कोपमध्ये) असतं, आणि त्यातल्या बहुतेकांना डायऑप्टर रिंग असते.

मग वरचे 900 डॉलर कशाचे? मजबुतीचे, आणि बॅटरीशिवाय उजळणाऱ्या रेटिकलचे. दिवसा फायबर उजेड गोळा करतो, अंधारात ट्रिटियम हा किरणोत्सारी वायू रेटिकल उजळतो. 32 मिलिमीटरची काच भागिले 4, म्हणजे डोळ्यापर्यंत येणारी 8 मिलिमीटर रुंद प्रकाशशलाका; संध्याकाळीही चित्र लख्ख. अमेरिकी मरीन कोअरने तो उगाच नाही वापरला. पण छपराखालच्या बेंचवरून सकाळी दहाला गोळी मारणाऱ्याला यातलं काय लागतं? उलट कडक उन्हात रेटिकल इतकं भगभगतं, की लोक फायबरवर चिकटपट्टी लावतात.

आता नेमबाजीचा हिशेब. साध्या 55 ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) बॉल गोळ्यांनी अशी रायफल बहुधा 3 एमओएच्या आसपास ग्रुप देते, म्हणजे सगळी भोकं तेवढ्या पसाऱ्यात पडतात. एमओए हे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग; 1 एमओए म्हणजे 100 यार्डांवर 1.047 इंच, म्हणून तुमचा ग्रुप 100 वर सुमारे 3 इंच नि 300 वर 9 इंचांच्या वर. चौपट स्कोपने 300 वरचं लक्ष्य 75 वर असल्यासारखं दिसेल, पण ग्रुप तेवढाच राहील. तो आवळायचा तर मॅच गोळ्या (स्पर्धेसाठीच्या अचूक गोळ्या) लागतात आणि ट्रिगरवरचा हात बसावा लागतो. साधी गोळी अर्ध्या डॉलरच्या आसपास धरली तर वाचलेल्या 900 डॉलरांत 1,800 गोळ्या होतात.

300 यार्डांवर पत्र्याच्या लक्ष्याऐवजी कागदावरची भोकं पाहायची असतील तर 1-6 चा, म्हणजे एकपट ते सहापट फिरवता येणारा स्कोप बघा. आय रिलीफ साडेतीन-चार इंच, त्यामुळे चष्म्याला ऐसपैस. किंमत वजनात मोजावी लागते: माउंटसकट (स्कोप रायफलवर बसवायच्या पकडीसकट) पाऊण किलोच्या पुढे जातो, आणि सहापटीवर 24 मिलिमीटरच्या काचेतून 4 मिलिमीटरचीच शलाका उरते, म्हणजे तिथेही डोळा नीट मध्यावर लागतो. माउंटचे पैसे वेगळे धरा, हे सगळेच विसरतात. रिंगचे स्क्रू टॉर्क रेंचने 15 ते 18 इंच-पाउंड, आलटूनपालटून. त्यावर लॉकटाइट (स्क्रू पक्के करायचा गोंद) लावू नका, त्याने घर्षण कमी होऊन नळी जास्त दाबली जाते. 'झिरो हलतो', म्हणजे जुळवून ठेवलेला नेम सरकतो, ही तक्रार बऱ्याचदा स्कोपची नसून माउंटची असते.

एवढं वाचूनही जीव अकॉगवरच असेल, तर आधी मित्राचा किंवा दुकानातला, स्वतःचा चष्मा लावून, गाल बटस्टॉकवर टेकवून पाहा. जुना घेताना बनवल्याची तारीख विचारा: ट्रिटियमचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, म्हणजे बारा वर्षांच्या स्कोपचा उजेड निम्म्यावर आलेला. नकली मालही बराच फिरतो. अंधाऱ्या कपाटात दहा मिनिटं बसून पाहा. तुलनेने नव्या म्हणून विकलेल्या स्कोपचं रेटिकल तिथे पूर्ण काळं पडलं तर घेऊ नका. आणि रेटिकलवरच्या पल्ल्याच्या रेषा ठरावीक बॅरल नि ठरावीक वजनाच्या गोळीसाठी, त्याही मीटरमध्ये बसवलेल्या असतात. तुमची रेंज यार्डांत आहे, 300 मीटर म्हणजे 328 यार्ड.

जाता जाता: सुट्टीत पुण्याला भावाला दाखवायला म्हणून तो बॅगेत टाकू नका. रायफलचा स्कोप अमेरिकेबाहेर नेणं हा निर्यात-नियंत्रणाचा मामला आहे, रायफल सोबत नसली तरी.