खांद्याची झीज जुनी, पण फाट कधीची?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही 58 वर्षांचे, राहणार सांगली. आरोग्य विमा घेऊन 14 महिने झाले. जिन्यावरून घसरलात, कठडा धरला, उजवा हात जोरात ओढला गेला. नवव्या दिवशी एमआरआय, मग खांद्याच्या फाटलेल्या टेंडनची (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्याची) शस्त्रक्रिया. कंपनीने ‘विकार झिजेचा आहे, सांध्यांच्या आजारांना 24 महिन्यांचा वेटिंग पिरियड लागू’, म्हणजे तेवढ्या काळात त्यांचा खर्च मिळत नाही, असं कळवून क्लेम नाकारला. पॉलिसीच्या वर्षभर आधी त्याच खांद्यासाठी फिजिओथेरपी घेतली होती, ती प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जात, लिहिलेली नाही. आणि हॉस्पिटलमधलं कुणीतरी म्हणतंय की डिस्चार्ज कार्डावरचा ‘जुनाट’ हा शब्द काढून नवं कार्ड देऊ.

आधी शेवटच्याबद्दल. ते कार्ड घेऊ नका. पहिलं कार्ड टीपीएकडे, म्हणजे कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे, पोचलेलं आहे. एकाच अ‍ॅडमिशनची दोन कार्डं समोर आली की फाट कधीची हा वाद संपतो आणि फसवणुकीचा सुरू होतो. फसवणुकीच्या कारणावरून क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

आता मुद्द्यावर. कंपनी म्हणते सगळी झीजच, तुम्ही म्हणता सगळा अपघातच. दोघंही अर्धं बोलताय. साठीच्या आसपास खांद्याच्या एमआरआयमध्ये थोडीफार झीज निघणारच. कित्येकांचं टेंडन फाटलेलं असतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळे ‘पडल्यावर दुखायला लागलं’ एवढ्याने नवी इजा सिद्ध होत नाही, तसंच ‘झीज दिसली’ एवढ्याने जुनी फाटही सिद्ध होत नाही.

पॉलिसीतलं विशिष्ट आजारांच्या वेटिंग पिरियडचं कलम काढा. अपघातामुळे झालेल्या क्लेमला हे कलम लागू नाही, असं त्यातच लिहिलेलं असतं. अपघाताची व्याख्याही पाहा: बाह्य, दृश्य आणि जोरकस कारणाने घडलेली अचानक, अनपेक्षित, अनैच्छिक घटना. घसरून कठड्याला लटकणं त्यात बसतं. नुसती बादली उचलताना कळ आली असती, तर मी तुम्हाला इतका हुरूप दिला नसता. वगळणारं कलम लागू होतं हे दाखवणं कंपनीचं काम. अपघात घडला हे दाखवणं मात्र तुमचं.

त्यासाठी सगळ्यात वजनदार कागद म्हणजे पडल्यानंतरचा पहिला केसपेपर. तारीख, ‘जिन्यावरून घसरले’ ही नोंद आणि हात वर उचलता येत नाही ही तपासणी, हे तिन्ही त्यात असेल तर निम्मं काम झालं.

एमआरआयचा फक्त निष्कर्ष वाचू नका, वरचा तपशील वाचा. स्नायूत चरबी उतरलेली, स्नायू सुकलेला, हाडाला टोक आलेलं, ही जुनेपणाची चिन्हं. चरबी नऊ दिवसांत उतरत नाही, त्याला महिने लागतात. ती बरीच असेल तर फाट आधीचीच धरली जाईल, आणि मग लढण्यात अर्थ नाही. उलट स्नायू भरलेला असेल, हाडाला आतून मुका मार आणि भोवती ताजी सूज दिसत असेल, तर बाजू तुमची.

सर्जनकडून ‘अपघातामुळेच’ असा मोघम दाखला घेऊ नका. तीन गोष्टींवर लेखी मत मागा: स्नायूची स्थिती कशी होती, शस्त्रक्रियेत टेंडनच्या कडा ताज्या होत्या की घट्टे पडलेल्या, आणि आधीच्या झिजेवर या धक्क्याने नवी फाट पडणं वैद्यकीयदृष्ट्या संभवतं का. ऑपरेशनची नोंद आणि दुर्बिणीने घेतलेले फोटो सोबत जोडा.

तुमची खरी दुखरी बाजू फिजिओथेरपीची. पॉलिसीआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला किंवा उपचार सुचवलेला आजार हा ‘आधीचा आजार’ ठरतो, आणि त्याच्या वेटिंग पिरियडच्या कलमात अपघाताची सवलत नसते. कंपनीच्या पत्रात मात्र हे कारण नाही. नकाराच्या पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या 2019च्या निकालात म्हटलं आहे. तो हाताशी ठेवा, पण उपचारांबद्दल कुणी विचारलं तर खोटं बोलू नका. प्रपोजल फॉर्मची प्रत मागवा. प्रश्न नेमका काय विचारला होता आणि उत्तर कुणी भरलं, यावर बरंच ठरतं. अनेकदा एजंट सगळीकडे ‘नाही’ लिहून फक्त सही घेतो.

क्रम असा ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज, पोच घेऊन. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) जा. त्यांच्याकडे फी नाही, वकील चालत नाही, तुम्हालाच बोलावं लागतं. त्या अर्जावरच्या अंतिम नकारापासून, किंवा उत्तरच आलं नाही तर तो महिना संपल्यापासून, वर्षाच्या आत जायला हवं. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची, मुदत दोन वर्षं. तिथे क्लेमची नव्हे, भरलेल्या प्रीमियमची रक्कम पाहतात आणि ती 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल.

एमआरआयची सीडी आणि पूर्ण रिपोर्ट दुसऱ्या ऑर्थोपेडिक सर्जनला दाखवून मगच अर्ज लिहायला घ्या. स्नायूत चरबी किती, याचं उत्तर तुमच्या बाजूचं नसेल, तर फिजिओथेरपीचा विषय उकरायला कंपनीला निमित्त देण्यापेक्षा थांबलेलं बरं.