सावळ्या रंगाला कोणती लिपस्टिक घ्यावी? मला कुठलीच शोभत नाही

वयाने माझ्याहून लहान असशील असं धरून अगंतुगं करतेय, चालेल ना. तू लिहिलंयस की रंग सावळा आहे, आजवर काजळ टिकलीच्या पुढे कधी गेले नाही, आता नोकरी लागलीय म्हणून लिपस्टिक घ्यायचीय पण जी लावते ती विचित्रच दिसते आणि घरचे म्हणतात तुला नाही शोभत. हे शेवटचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले.

मी पण सावळीच, चांगली सावळी. माहेर साताऱ्याकडचं. आमच्याकडे मेकअप म्हणजे पावडर आणि टिकली, संपलं. आईकडे एकच मरून लिपस्टिक होती, लग्नकार्यापुरती, ती पार तळाला गेली तरी आगकाडीच्या टोकाने कोरून काढायची, आधी मावशीला लावायची मग स्वतःला, आणि मला मात्र प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी सांगायचंच की सावळ्या पोरीने गडद लावू नये, अजून काळी दिसते, फिकट गुलाबी लाव म्हणजे उजळ दिसशील. फेअर अँड लव्हलीचं नाव २०२० मध्ये बदलून ग्लो अँड लव्हली झालं पण बायकांच्या तोंडातलं हे 'उजळ दिसशील' काही गेलं नाही, याचा मला आजही राग येतो. कारण ती फिकट गुलाबी लावली की ओठांवर खडू फिरवल्यासारखं दिसायचं, फोटोत माणूस नंतर, आधी ओठ. आणि मग आपणच मनाशी ठरवून टाकतो की आपला चेहराच मेकअपचा नाही. मी पण कॉलेज संपेपर्यंत हेच धरून चालले होते.

पण चेहऱ्याचा यात काही दोष नसतो गं. लिपस्टिक म्हणजे मेण, तेल (बऱ्याचदा आपलं एरंडेलच) आणि रंग. शेड फिका करायचा तर त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, पांढरीशुभ्र पूड असते ती, भिंतीच्या पेंटमध्ये पण तीच वापरतात. गोऱ्या ओठांवर ती मिसळून जाते, आपल्या ओठांवर राखट पडते. खोक्यावर बारीक अक्षरात सीआय ७७८९१ लिहिलेलं असतं ते हेच. पण किती घातलंय ते त्यावरून कळत नाही आणि बऱ्याचशा लिपस्टिकमध्ये थोडंफार असतंच, त्यामुळे ते वाचून टेन्शन घेऊ नकोस, लावूनच बघावं लागतं.

आणि मुख्य गोष्ट, जी मला फार उशिरा कळली, ओठांना स्वतःचा रंग असतो आणि लिपस्टिक त्याच्यावर चढते. आपल्यात बहुतेकींचा वरचा ओठ जास्त गडद, खालचा जरा गुलाबीसर. त्यामुळे जाहिरातीतल्या मुलीच्या ओठांवर दिसतो तो शेड तुझ्या ओठांवर तसाच उतरणार नाही. म्हणून चेहऱ्याच्या रंगाकडे बघून शोधूच नकोस, ओठांकडे बघ, आणि तेवढाच गडद किंवा त्याहून एक दोन छटा गडद घे. विटकरी, टेराकोटा, मरून, वाईन, बेरी, रोजवूड यात शोध. न्यूड, म्हणजे ओठांच्याच रंगाला मिळतीजुळती, हवी असेल तर बेज नको, चॉकलेटी तपकिरीकडे झुकणारी घे, तोच आपला न्यूड.

मला माझी सापडली ती पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात. काउंटरवरची मुलगी पण सावळीच होती, तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि मी मनगटावर टेस्टर ओढायला लागले तर म्हणाली, मॅडम तिथे नका लावू, बोटाच्या टोकाला लावा, तिथला रंग ओठाच्या जवळचा असतो. मग म्हणाली आतल्या लाइटमध्ये ठरवू नका, दारात जाऊन बघा. दारात उन्हात बोट धरलं तर आतमध्ये जी लालभडक वाटत होती ती मस्त विटकरी दिसली, आणि जी छान गुलाबी वाटत होती ती पांढुरकी. विटकरी घेतली. दुसऱ्या दिवशी लावून बँकेत गेले तर लिपस्टिक लावलीय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, शेजारच्या टेबलच्या मॅडमनी विचारलं, काय गं आज एकदम फ्रेश? अजून तोच शेड वापरते. तुझी बरोबर निघाली तर असंच होईल, आधी तू दिसशील.

टेस्टर थेट ओठांना मात्र लावू नकोस, किती जणींनी लावलेला असतो तो. आणि तुळशीबागेत मोठ्या ब्रँडचं नाव टाकलेल्या फर्स्ट कॉपी मिळतात त्या प्लीज घेऊ नकोस, टिकल्या क्लिपा घे हवं तितक्या, पण ओठांवरचं पोटात जातं. आपल्याकडे नियम आहे की कॉस्मेटिकच्या रंगात शिसं २० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात वीस भागांच्या, वर नको, पण नकली माल कोण तपासायला बसलंय.

ऑफिससाठी मॅट, म्हणजे न चमकणारी, घेतलीस तर लक्षात ठेव, त्यात तेल कमी असतं म्हणून ओठ कोरडे पडतात, घरातून निघायच्या तयारीला लागतानाच लिप बाम लावून ठेव आणि लिपस्टिकच्या आधी टिपून घे. लिक्विड वाली तासन् तास टिकते, डब्यातली भाजी तेलकट असेल तर मात्र मधोमध निघते. रात्री काढायला खोबरेल तेल आणि कापूस, घासायचं नाही.

घरच्यांचं म्हणशील तर त्यांनी तुझ्यावर चुकीचा शेड बघितलाय, तुला लिपस्टिक लावलेली अजून बघितलंच नाहीये.

पहिलीच आहे तर हजारभर रुपये घालवू नकोस, तीनशे चारशेत चांगल्या मिळतात. दिवसा खिडकीत उभं राहून ओठांचा रंग कसा दिसतो ते बघून खाली लिही, तपकिरी का जांभळट का गुलाबी, आणि ऑफिसला ड्रेस घालतेस का साडी ते पण, मग नक्की शेड सांगते.