माळावर एकटीने जाताना

सोलापूर,
मार्गशीर्ष

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नान्नजच्या बाजूला माळावर एकटीने फिरायला जावे असे तुझ्या मनात आहे आणि आईचा जीव त्याला धजावत नाही, हे वाचले. आईची काळजी खोटी आहे असे मी लिहिणार नाही आणि तू जाऊ नकोस असेही लिहिणार नाही. मी स्वतः गेली तीस वर्षे या माळांवर एकटीने चालते आहे, त्यामुळे जे मला उशिरा कळले ते तुला आधी कळावे, एवढ्यासाठी हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

जिथे जायचे ती जागा काय आहे, हे आधी समजून घे. आपल्या जिल्ह्यात पाऊस कमी. खोलगट भागात काळी माती साठते आणि तिथे ज्वारी येते, पण उंचवट्यावर खडकावर वीतभर मुरूम असतो, त्यावर गवतच शोभते. अशा जमिनीला आपण 'पडीक' म्हणतो आणि तिथे झाडे लावली म्हणजे निसर्गसेवा झाली असे समजतो. मला ही समजूत फार खुपते. माळ म्हणजे झाडे तुटून उजाड झालेले रान नव्हे, ते मुळातच गवताचे रान आहे. काळवीट, लांडगा, खोकड नावाचा छोटा कोल्हा, धाविक पक्षी हे सगळे त्या उघडेपणावरच जगतात. माळढोकासाठी इथे 1979 साली अभयारण्य घोषित झाले. वर्षाला बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालणारा हा पक्षी आता नान्नजला क्वचितच दिसतो. म्हणून माळढोक दिसेल या आशेने जाऊ नकोस. नाहीतर तो दिसला नाही म्हणून तुला माळ रिकामा वाटेल.

डोंगरात झाडी आपल्याला लपवते. माळ कोणालाच लपवत नाही. तू रस्ता सोडून चार पावले टाकतेस तोवर काळविटांनी तुला पाहिलेले असते आणि चंडोल गप्प झालेले असतात. पहिली कित्येक वर्षे मी नुसती चालत राहिले. किती किलोमीटर झाले याचे मला कौतुक होते आणि जनावरांच्या पाठी तेवढ्या मला दिसत होत्या. पुढे एकदा चप्पल तुटली म्हणून एका बांधावर बसून राहिले आणि अर्ध्या तासाने माळ माझ्याभोवती पुन्हा आपल्या कामाला लागला: समोरच्या खुरट्या बोरीखालून ससा निघाला, माझ्या उजव्या हाताला दहा पावलांवर धाविकांची जोडी धावायची, थांबायची, वाकून काही टिपायची आणि पुन्हा धावायची. एकटीने जाण्याचा खरा लाभ हाच आहे. दोघे असले की बोलणे होते, आणि बोलणे नाही झाले तरी सोबतीचा कंटाळा आपल्याला उठवतो. एकटीला अर्धा तास बसता येते. तेव्हा चालणे थोडे आणि थांबणे पुष्कळ, असा बेत ठेव.

उन्हाळ्याच्या तोंडाला गेलीस तर पायाखाली विशेष लक्ष असू दे. माळटिटवी घरटे असे बांधतच नाही. मुरमात जरासा खळगा, भोवती चार खडे, आणि त्यात मातकट रंगाची, तपकिरी ठिपक्यांची अंडी, जी दोन हातांवरूनही खडेच वाटतात. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की पुढे जाऊन शोधायचे नाही, आल्या पावली मागे फिरायचे. आपण तिथे रेंगाळलो तर तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी राहतात.

आता भीतीविषयी. लांडग्याचे भय मनातून काढून टाक. तो तुला टाळतो. मेंढपाळाच्या कुत्र्यांना मात्र जप. कळप दिसला की लांबूनच धनगराला हाक मार, कुत्री अंगावर आली तर पळू नकोस, जागेवर उभी राहा. फुरसे आणि घोणस या मुरमात आहेत, म्हणून घोट्याच्या वर येणारे बूट घाल आणि दगड उलटून बघण्याचा मोह टाळ. साप चावलाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यातले काही न करता तडक सरकारी दवाखाना गाठायचा, कारण विषावरचा उतारा तिथे मिळतो. वैशाखात वळवाचे ढग चढू लागले की माळावर सर्वांत उंच वस्तू तूच असतेस. अशा वेळी एकट्या बाभळीखाली उभे न राहता वेळेवर गावाकडे निघावे.

माझा स्वतःचा अपघात मात्र यातल्या कशानेच झाला नाही. पाणी अडवण्यासाठी खणलेले समतल चर पावसाळ्यानंतर गवताने झाकून जातात. अशाच एका चरात पाय जाऊन घोटा मुरगळला. त्या दिवशी मी घरी कोणालाच सांगून निघाले नव्हते. उन्हे चढेपर्यंत तिथेच बसून होते. शेवटी मेंढरे घेऊन आलेल्या एका बाईने पाणी दिले, काठी दिली आणि विचारले, "बाई, घरात सांगून तरी यायचं नाही का?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. एकटीने जाणे आणि न सांगता जाणे या दोन गोष्टी मी तोवर एकच समजत होते.

तुझ्या आईचे भय बहुधा माणसांचे आहे आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. त्यावर माझा उपाय एवढाच, की ज्या माळावर जायचे त्या शिवारात आधी ओळख करून घे. शेतकऱ्यांना, धनगरांना रामराम कर, कोणाची कोण ते सांग, वस्तीवर चहा घे. ओळखीच्या मुलीवर सगळ्या शिवाराचे लक्ष असते. सकाळी लवकर जा, दिवस मावळायच्या बऱ्याच आधी परत फीर. अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नकोस. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आपल्यालाही लागू आहे.

मोज्यांत कुसळे भरतील. त्यातले एक घरी आण, तळहातावर ठेव आणि त्यावर पाण्याचा थेंब सोड. त्याचा पिळलेला काळसर केस हळूहळू उलगडत फिरू लागेल. पहिल्या पावसात ते बी असेच फिरत फिरत स्वतःला जमिनीत रोवून घेते.

गड्ड्याची यात्रा आटोपली की येत्या रविवारांपैकी एक ठरव. पहिल्या खेपेला मी वस्तीपर्यंत बरोबर येईन आणि तिथेच बसून राहीन. तू पुढे जा आणि सकाळी नऊच्या आत परत ये. आईला हे पत्र वाचायला दे.

तुझी,
बाई