हुतात्मा दिन ‘साजरा’ करावा की ‘पाळावा’?

एका शिक्षिकेची विचारणा आहे. ३० जानेवारीला शाळेच्या फळ्यावर त्यांनी ‘आज हुतात्मा दिन साजरा होईल’ असे लिहिले, तेव्हा गावातील एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “बाई, मेल्या माणसाचा दिवस कोनी साजरा करते काय?” यात चूक कोणाची?

माझ्या मते त्या गृहस्थांचे म्हणणे बरोबर आहे. ‘साजरा’ हे मुळात विशेषण असून त्याचा अर्थ शोभिवंत, छान दिसणारा असा आहे. ‘दुरून डोंगर साजरे’ या म्हणीत तोच अर्थ आहे. प्रमाण मराठीत हे विशेषण एरवी क्वचितच आढळते, परंतु वऱ्हाडीत ते आजही रोजच्या वापरात आहे. लुगडे साजरे दिसते, पीक साजरे आले म्हणतात. हा शब्द ज्याच्या तोंडी रोज असतो, त्याच्या कानाला हुतात्म्यांपुढचे ‘साजरा’ खटकणारच. ‘पाळणे’ मात्र व्रताला, सुतकाला, दिलेल्या शब्दाला लागते. त्यात स्वतःला आवर घालणे आहे. सकाळी अकरा वाजता हातातले काम थांबवून दोन मिनिटे उभे राहणे ही कृतीच पाळण्याची आहे.

गोंधळ होतो तो शासकीय दिनदर्शिकेमुळे. २६ जानेवारी, ३० जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट या सर्व दिवसांना तीच रांग, तेच भाषण, तोच अहवाल, आणि म्हणून क्रियापदही एकच. राष्ट्र एक आहे हे लोकांच्या मनावर ठसवायला असा एकसारखेपणा उपयोगी पडतो, हे मी नाकारत नाही. पण तारीख ठरवून देता येते तशी त्या तारखेची भावना ठरवून देता येत नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. तो दिवस बहुतेक ठिकाणी साजरा होतो, तर राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती हे न विसरलेले काही विदर्भवादी त्याच दिवशी ‘काळा दिवस’ पाळतात. तो साजरा करतो असे त्यांच्यापैकी कोणीही म्हणणार नाही.

आणखी एक उदाहरण घरचे आहे. वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर येथे १६ ऑगस्ट १९४२ रोजी ‘भारत छोडो’ आंदोलनात पोलिसांचा गोळीबार झाला. त्या दिवशी नागपंचमी होती. माझ्या आजीला ऑगस्टची तारीख कधीच सांगता आली नाही. ती ‘नागपंचमीचा गोयीबार’ म्हणे. त्या दिवशी चुलीवर तवा ठेवायचा नाही, विळीवर काही चिरायचे नाही, शेतात नांगर धरायचा नाही, हे ती नागासाठी पाळत असे, आणि दिवे लागल्यावर ओसरीवर बसून आष्टीची हकीकत सांगत असे. तेथे ना फलक होता ना पाहुणे.

जयंती साजरी होते, यात वाद नाही. पुण्यतिथीचे तसे एका शब्दात सांगता येत नाही. गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला महोत्सव म्हणतात, भजने होतात, गर्दी लोटते, म्हणून तेथे ‘साजरा’ चालेल. पण आश्विन वद्य पंचमीला, महाराजांच्या निधनाच्या वेळी, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसे एकाच वेळी स्तब्ध होतात, तेव्हा मौन पाळतात किंवा श्रद्धांजली वाहतात असेच म्हणावे लागते.

तेव्हा बाईंनी पुढच्या ३० जानेवारीला फळ्यावर ‘आज हुतात्मा दिन. अकरा वाजता दोन मिनिटे मौन पाळू’ असे लिहावे.